एकदाच घेतलेला देह

मराठीचा प्राध्यापक म्हटला की त्याला तुलना करण्याची खोड असायचीच. 'ख्रिस्तपुराण' शिकवताना या खोडीने मला एकदा चांगलेच गोत्यात आणले. इंग्लंडात जन्मलेला फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात येतो, आपली भाषा आत्मसात करतो आणि तीत सुमारे ११ हजार ओव्यांचे पुराण रचतो, तेही १६१६ साली छापून निघते! हे सांगताना मला नेहमीच भरते येते. त्याच भरात मी वर्गाला म्हणालो, "ख्रिस्ताचे देहधारण म्हणजे दशावतारांना जोडून अकरावा अवतारच समजा!"

तास संपल्यावर वसईची एक विद्यार्थिनी टेबलाशी आली. "सर, आमच्याकडे तो एकदाच आला," एवढेच म्हणाली. मी हसून ते बाजूला सारले.

पुढे उन्हाळ्याच्या सुटीत तिचा थोरला भाऊ वारला. मी वसईला भेटायला गेलो. ओटीवर माणसे मुकाट बसली होती. आत येशूच्या चित्रापुढे मेणबत्ती तेवत होती. काय बोलावे ते सुचेना. अखेर सवयीचेच वाक्य तोंडून गेले, "देह काय, नाशवंतच असतो."

तिची आई शांतपणे म्हणाली, "देह इतका क्षुद्र असता, तर देवाने तो कशाला घेतला असता, सर? आणि घेतला तो टाकलाही नाही. पुन्हा उठला तेव्हा हातांवरचे व्रण तसेच होते."

परतताना गाडीत तेच शब्द कानांत घुमत राहिले. ख्रिस्त पित्याशी एकतत्त्व आहे, असे ३२५ साली निकेआच्या धर्मसभेने ठरवले. तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, दोन्हींची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही, असे ४५१ साली काल्सेदोनच्या सभेने सांगितले. हा सारा मला शब्दांचा कीस वाटत असे. आता त्यातली निकड उमगली. तो पूर्ण मनुष्य नसेल, तर या आईचे दुःख त्याला कळायचे कसे? आणि पूर्ण देव नसेल, तर कळून तरी तो काय करणार? विहिरीपाशी थकून बसलेला, मित्राच्या थडग्याशी रडलेला नाझरेथचा तो सुतार तिला म्हणूनच आपला वाटत होता.

सीतेसाठी आपला रामही व्याकूळ झाला. भक्ताला त्यात मिळणारा दिलासा काही कमी नाही. पण कार्य संपल्यावर राम शरयूत अवतार संपवतो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे ख्रिस्ताचे मनुष्यपण संपतच नाही. मरणापलीकडेही तो ते घेऊन जातो. त्या घराचा सारा धीर या एका गोष्टीवर उभा होता, आणि तीच मी तुलनेच्या नादात पुसून टाकली होती.

जूनमध्ये कॉलेज उघडले. तोच वर्ग पुढच्या वर्षाला आला होता. आधी मी माझी चूक सांगितली आणि म्हणालो, "वहीत 'अकरावा अवतार' लिहिला असेल, तर खोडून टाका."

सगळ्यांनी वह्या उघडल्या. ती तेवढी स्वस्थ बसून होती. तिने ते लिहूनच घेतले नव्हते!