राजपत्रात छापले, म्हणजे कळवले का?

१९४८ सालच्या गुन्ह्याबद्दल जयपुरात हरला नावाच्या एका माणसाला अफूच्या कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला. रक्कम किरकोळ, पण प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. तो कायदा १९२३ मधला. महाराज अज्ञान असताना संस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्यांच्या मंडळाने एक ठराव केला आणि तो दप्तरात राहिला. तो राजपत्रात छापला नाही, लोकांना दुसऱ्या कोणत्या मार्गाने कळवलाही नाही. १९५१ मध्ये न्या. व्हिव्हियन बोस यांनी हा कायदा कधी अमलात आलाच नाही असे ठरवून शिक्षा रद्द केली. बंद खोलीत झालेल्या ठरावावरून माणसाला शिक्षा देणे नैसर्गिक न्यायात बसत नाही, हा त्यांच्या निकालाचा गाभा. प्रशासकीय कायद्याचा अभ्यास इथूनच सुरू करावा, असे मला वाटते.

कारण आपले रोजचे आयुष्य विधिमंडळाच्या कायद्यापेक्षा त्याखालच्या नियमांनी, विनियमांनी आणि अधिसूचनांनीच जास्त बांधलेले असते. वाहनाचा परवाना, औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर, इमारतीची उंची यांचा तपशील सरकारी खाती ठरवतात. प्रत्येक बारकावा सभागृहात ठरवणे अशक्य आहे, म्हणून हा अधिकार सोपवावाच लागतो. मात्र त्याला मर्यादा आहे. दिल्ली कायद्यांविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५१ च्या अभिमतात सात न्यायाधीशांनी सात स्वतंत्र मते लिहिली. त्यांतून निघालेले सूत्र असे : धोरण विधिमंडळानेच ठरवायचे, तपशील भरण्याचे काम तेवढे दुसऱ्यावर सोपवता येते.

हे नियम लोकांना कळवायचे कसे, याचा कस मुंबईत लागला. मेयर हान्स जॉर्ज हा जर्मन नागरिक २७ नोव्हेंबर १९६२ ला झुरिकहून मनिलाला निघाला. अंगावरच्या जाकिटात ३४ किलो सोने होते. दुसऱ्या दिवशी विमान मुंबईत उतरले आणि कस्टमने त्याला पकडले. भारतातून पुढे जाणारे सोने विमानाच्या मालपत्रकात दाखवलेच पाहिजे, ही रिझर्व्ह बँकेची नवी अट राजपत्रात आली होती २४ नोव्हेंबरला, म्हणजे तो निघण्याच्या अवघे तीन दिवस आधी. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने दोषी ठरवले. न्या. सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले. भारताच्या राजपत्रात छापले की पुरे, परदेशात कळवण्याची गरज नाही, असे बहुमताने म्हटले.

जॉर्जविषयी मला सहानुभूती नाही. सोन्याची तस्करी रोखायची तर असा निकाल लागणारच. पण सामान्य माणसाला तेच तत्त्व जसेच्या तसे लावणे मला पटत नाही. राजपत्र किती घरांत वाचले जाते? छापण्याने कायद्याची अट पुरी होते, माणसापर्यंत नियम पोचतोच असे नाही.

म्हणून नियम होण्याआधीचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. मूळ कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट असेल, तर १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २३ नुसार मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो आणि आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्या लागतात. ही अट नसेल तर खात्यावर तसे सर्वसाधारण बंधन नाही. मोठी उणीव आहे ती इथे. २०१६ मध्ये कॉल तुटल्यास ग्राहकाला एक रुपया देण्याचा दूरसंचार प्राधिकरणाचा विनियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा अमेरिकेच्या १९४६ च्या कायद्यासारखी खुली कार्यपद्धती संसदेने आणावी, असेही सुचवले.

संसदेची देखरेख आहे. गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष असताना, १९५३ मध्ये लोकसभेत अधीनस्थ विधान समिती स्थापन झाली. बहुतेक कायद्यांत नियम तीस दिवस पटलावर ठेवण्याची तरतूदही असते. पण तोवर नियम बहुधा लागू झालेला असतो.

लोकांनी मनावर घेतले तर मसुद्याच्या पायरीवरच काय होते, हे मुंबईने २०१५ मध्ये पाहिले. विकास आराखडा हा नियम नव्हे, पण त्यालाही हरकती-सूचनांची पायरी आहे. मुंबईच्या मसुद्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी सरकारने तो नव्याने सुधारायला लावला. तेव्हा ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ अशी ओळ दिसली की मुदतीच्या आत दोन परिच्छेद लिहा, पाठवा आणि पोच घ्या.