खाण तशी माती? घोड्याच्या स्वभावाचा वारसा

ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट 1850 मध्ये खालापूर तालुक्यातील चौककडून माथेरानचा डोंगर चढले आणि हे गिरिस्थान जगासमोर आले. आज पर्यटक कर्जत तालुक्यातील नेरळमार्गे दस्तुरी नाक्यावर पोहोचतात. तेथून पुढे खासगी मोटारींना बंदी असल्याने अनेकांची भिस्त घोड्यावरच असते. ज्याने आयुष्यात कधी रिकिबीत पाय ठेवलेला नाही, असा शहरी माणूस अनोळखी जनावराच्या पाठीवर बसतो. घोड्यावरून पडून पर्यटकांनी प्राण गमावल्याच्या घटनाही येथे घडल्या आहेत. त्यामुळे घोडा गरीब आहे की द्वाड, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. अश्वपालाची रोजीरोटी आणि पर्यटकाचा जीव या दोहोंचा त्याच्याशी संबंध आहे.

घोड्यांच्या बाजारात या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचे मोठे व्यवहार होतात. तेथे काय किंवा अन्यत्र काय, जनावराचा बाप कोण, ही चौकशी होतेच. ‘बाप तापट, म्हणजे शिंगरूही तापट’ हा समज त्यामागे असतो. त्यात तथ्य किती?

शर्यतीच्या जगातील एक घराणे या समजाच्या पुष्टीसाठी नेहमी पुढे केले जाते. अमेरिकेतील हॅलो हा घोडा इतका चावरा होता, की त्याच्या तोंडाला मुसके बांधावे लागे. त्याचा मुलगा सण्डे सायलेन्स 1989 मध्ये केंटकी डर्बी जिंकला आणि पुढे पैदाशीसाठी जपानला गेला. त्याचा स्वभावही कडक होता. त्याचा मुलगा स्टे गोल्ड हट्टीपणासाठी गाजला, तर स्टे गोल्डचा मुलगा ऑर्फेव्हर याने 2011 मध्ये जपानच्या तिहेरी मुकुटाची शेवटची शर्यत जिंकल्यावर आपल्याच स्वाराला खाली पाडले. चार पिढ्यांचा हा दाखला मोठा आकर्षक आहे. पण अपुरा आहे. त्याच सण्डे सायलेन्सचा दुसरा मुलगा डीप इम्पॅक्ट 2005 मध्ये तिहेरी मुकुटाचा मानकरी ठरला. तो मात्र तबेल्यात मवाळ म्हणून ओळखला जाई. द्वाड मुलांच्या कथा रंगवून सांगितल्या जातात, शांत मुले विस्मरणात जातात.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न मोजून पाहिला आहे. वैद्यकीय तपासणीच्या वेळी शर्यतीचे घोडे कसे वागतात, याचा जपानमधील अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. घोड्याघोड्यांच्या वागण्यात जो फरक आढळला, त्यातील साधारण एक चतुर्थांश वाटा आनुवंशिक असल्याचे त्यात दिसले. त्याआधी 2005 मध्ये डोपामिन या मेंदूतील रसायनाशी निगडित एका जनुकाचा घोड्याच्या कुतूहलाशी आणि सावधपणाशी संबंध आढळला होता. म्हणजे स्वभावाचा वारसा ही निव्वळ दंतकथा नव्हे. मात्र कोणताही एक जनुक घोड्याला द्वाड किंवा गरीब ठरवत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम एकत्र येतो आणि त्यातील निम्मे जनुक आईकडून आलेले असतात.

घोडीचा वाटा तेवढ्यावर संपत नाही. सुमारे अकरा महिने शिंगरू तिच्या पोटात वाढते आणि जन्मानंतरही कित्येक महिने तिच्या पायाशी असते. पैदाशीच्या नराशी त्याची बहुधा गाठही पडत नाही. माणसाला भ्यावे की नाही, हे शिंगरू आईकडे पाहून शिकते. फ्रान्समधील संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे बोलका ठरतो. विण्यानंतरचे पहिले पाच दिवस काही घोड्यांना, म्हणजे मादींना, रोज थोडा वेळ हळुवार खरारा करण्यात आला. शिंगरांना हातही लावला नाही. तरीही ती शिंगरे माणसाजवळ अधिक निर्धास्तपणे येऊ लागली आणि वर्षभरानंतरही हा फरक टिकून होता.

पैदाशीच्या नराचा आक्रमकपणा बऱ्याच अंशी त्याच्या शरीरातील नरसंप्रेरकांमुळे असतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. तो जसाच्या तसा घोडीत किंवा वेळीच खच्ची केलेल्या घोड्यात उतरेल, असे मानण्यास आधार नाही. शिवाय ‘हे त्या तापट घोड्याचे रक्त’ असा शिक्का बसला, की शिंगराला पहिल्या दिवसापासून धाकात ठेवले जाते. मग ते खरोखरच बुजरे किंवा लाथाळ होते आणि दोष मात्र बापाच्या माथी जातो. कित्येकदा तर स्वभावाचा प्रश्नच नसतो. खोगिराने सोललेली पाठ, तोंडातील जखम किंवा दुखरा खूर यांमुळे गरीब जनावरही उसळते.

म्हणून घोडा विकत घेताना बापाच्या कीर्तीबरोबरच आईचे वागणे आणि तिची आधीची शिंगरे पाहणे अधिक उपयोगाचे. अनोळखी माणूस जवळ गेल्यावर, पाय उचलल्यावर, शेजारी छत्री उघडल्यावर किंवा प्लॅस्टिकची पिशवी फडफडल्यावर जनावर काय करते, हेही तपासता येते. माथेरानच्या वाटेवर माकडे आणि गर्दी नित्याचीच आहे. त्यांना सरावलेला घोडाच तेथे कामाचा. पर्यटकानेही घोड्यावर बसण्यापूर्वी त्याची पाठ व तोंड निरखावे, डोक्यावर शिरस्त्राण मागावे आणि घोडा दौडवण्याचा आग्रह धरू नये.