घरांतील इंटरनेट मंद कां होतें?

रात्रीचे नऊ वाजण्याचा सुमार. पुण्यांतील एका सोसायटींत तिसऱ्या मजल्यावर आजीबाई मोबाइल समोर धरून बसल्या आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या नातीशीं बोलण्याची हीच वेळ. तिकडे सकाळ झालेली असते आणि कामावर निघण्यापूर्वीं अर्धा तास तिला मोकळा मिळतो. नातीचें तोंड हलतें, पण शब्द तुटक येतात. मग चित्र थिजतें, मधोमध तें ओळखीचें चक्र फिरूं लागतें, आणि चक्र थांबेपर्यंत अर्ध्या तासांतील वीस मिनिटें "ऐकूं येतें का?" एवढ्याच प्रश्नांत गेलेलीं असतात. घरांतील कर्ते गृहस्थ दुसऱ्या दिवशीं कंपनीला फोन करून ५० मेगाबिटांच्या जागीं २०० मेगाबिटांची योजना घेतात. दरमहा पैसे अधिक जाऊं लागतात. आणि रात्रीं नऊ वाजतां चित्र पुन्हां थिजतें. औषध कडक होतें, पण रोग दुसराच होता.

घोटाळा 'मंद' या शब्दांतच आहे. तो एकच शब्द दोन अगदीं निराळ्या दुखण्यांना लावला जातो. रत्नागिरीहून मुंबईस एका ट्रकांतून आंब्याच्या शेंकडों पेट्या येतात. परंतु पहिली पेटी हातीं पडण्यास अख्खी रात्र जावी लागते. एकाच्या जागीं दहा ट्रक लावले तर पेट्या दसपट येतील, पण ती रात्र लहान होणार नाहीं. इंटरनेटच्या कंपन्या जी संख्या जाहिरातींत छापतात ती ट्रकांची संख्या होय. रात्र किती मोठी, तें त्या छापीत नाहींत. पहिल्या मापाला वाहतुकीची रुंदी म्हणावें, दुसऱ्याला विलंब. चित्रपट पाहणाऱ्याला रुंदी हवी असते. थोडा भाग आधींच आणून साठवितां येत असल्यामुळें मधला विलंब त्यास जाणवतही नाहीं. समोरासमोरच्या संभाषणाचें गणित उलट आहे. चित्रासह बोलण्यास दोनचार मेगाबिट पुरतात, पण प्रत्येक शब्द वेळेवर यावा लागतो. न बोललेला शब्द आधीं आणून साठवितां येत नाहीं.

रुंदीलाच दोष देण्याची संवय जुनी आहे व एके काळीं ती योग्यही होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें, तेव्हां टेलिफोनच्या तारेवरून सेकंदास कांहीं हजार बिट येत आणि एक छायाचित्र उघडेपर्यंत चहा पिऊन होई. आज शहरांतील बहुतेक घरांत वाट त्याच्या हजारों पट रुंद झाली आहे. संवय मात्र राहिली. जातां जातां एक लहानसा गैरसमजही दूर करावयास हवा. योजना 'मेगाबिटां'त सांगितली जाते आणि संगणक उतरलेला मजकूर 'मेगाबाइटां'त दाखवितो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदास साडेबारा मेगाबाइट उतरत असतील तर तेथें कोणी कोणाला फसविलेलें नाहीं.

मग निदान कसें करावें? घरांतील मोबाइलपासून परदेशांतील संगणकापर्यंतची वाट अनेक टप्प्यांची आहे, आणि बिघाड त्यांतील एखाद्याच टप्प्यावर असतो. जवळच्या टोकापासून आरंभ करून एका वेळीं एकच बदल करीत पुढें जाणें, ही यांतील जुन्या जाणत्यांची रीत होय. पहिली कसोटी अगदीं सोपी. संगणक तारेनें थेट राउटरला जोडावा. तारेवर सर्व सुरळीत चालत असेल तर दोष घरांतल्या हवेंत, म्हणजे वाय-फायमध्यें आहे. तारेवरही तीच रड असेल तर तो पुढें कोठें तरी आहे. एवढ्या एका प्रयोगानें अर्धा शोध संपतो, आणि तरीही तो करणारीं घरें थोडीं.

दुसरें साधन म्हणजे 'पिंग'. हें माइक मूस या अमेरिकन गृहस्थानें डिसेंबर १९८३ मध्यें लिहिलें व पाणबुडीच्या शोधांत वापरल्या जाणाऱ्या ध्वनीच्या ठोक्यावरून त्याचें नांव ठेविलें. आज तें जवळ जवळ प्रत्येक संगणकांत असतें. तें एक इवलेंसें पाकीट धाडतें, पलीकडून उत्तर येण्यास किती वेळ लागला तें सेकंदाच्या हजाराव्या भागांत सांगतें, आणि किती पाकिटें वाटेंत हरवलीं तेंही मोजतें. एक पिंग राउटरच्याच पत्त्यावर करावें, दुसरें बाहेरच्या एखाद्या मोठ्या संस्थेच्या पत्त्यावर. तारेनें जोडलेल्या राउटरचें उत्तर एका हजारांशाच्या आंत यावयास हवें. चांगल्या वाय-फायवर तें दोनचार हजारांशांत येतें. तेंच कधीं तीन, कधीं तीनशें असें हेलकावे खात असेल तर कंपनीच्या माणसाला बोलावण्याचें कारण नाहीं.

अशा हेलकाव्याचें मूळ बहुधा राउटरच्या जागेंत सांपडतें. लाइन दारांतून आंत येते म्हणून राउटर दारावरच्या माळ्यावर जातो. तेथें तो कुरूप दिसतो म्हणून चपलांच्या कपाटांत किंवा टीव्हीच्या मागें लपविला जातो. काँक्रीटच्या भिंतींतील लोखंडी गज, आरशाच्या पाठीवरील धातूचा लेप आणि पाण्यानें भरलेली टाकी हे तिन्ही या लहरींचे शत्रू आहेत. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्हची भट्टी तर २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यांत काम करते. त्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच, म्हणजे १, ६ व ११ क्रमांकांच्या, आणि चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतींत चाळीस राउटर त्या तिहींतच बोलत असतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत जागा पुष्कळ आहे. त्या लहरी भिंतींतून कमी जातात ही त्यांची उणीव सांगितली जाते. पण शेजाऱ्यांच्या लहरीही त्याच कारणानें आंत कमी येतात, हें दाटीच्या वस्तींत मोठेंच सुख आहे.

वाय-फायचा आणखी एक स्वभाव ध्यानांत घेण्याजोगा आहे. एका वाटेवर एका वेळीं एकानेंच बोलावयाचें, बाकीच्यांनीं थांबावयाचें, असा त्याचा नियम आहे. टोकाच्या खोलींतील जुना मोबाइल क्षीण लहरींमुळें अतिशय सावकाश बोलतो, आणि त्याचें बोलणें पुरें होईतों राउटरशेजारचा नवा संगणकही ताटकळतो. म्हणून एका कोपऱ्यांतील दुखणें साऱ्या घराचें होतें. त्यावर उपाय म्हणून लहर पुढें ढकलणारें जें स्वस्त यंत्र बाजारांत मिळतें, तें प्रत्येक पाकीट त्याच वाटेवरून एकदां ऐकतें व एकदां बोलतें. साहजिकच तेथील वेग सुमारें निम्मा होतो. त्यापेक्षां भिंतीच्या कडेनें एक तार नेऊन दुसऱ्या टोकाला दुसरा राउटर लावणें चांगलें.

तारही कधीं कधीं दगा देते, आणि तिची दगा देण्याची तऱ्हा मोठी गंमतीची आहे. राउटरच्या तारेंत आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या असतात. सेकंदास १००० मेगाबिटांसाठीं चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटांसाठीं दोन पुरतात. दाराखालीं चिरडून किंवा उंदरानें कुरतडून एखादी तुटली तर यंत्र बंद पडत नाहीं. तें मुकाट्यानें १०० वर उतरतें. तेव्हां ३०० मेगाबिटांची योजना असून तारेवर मोजलेला वेग दररोज पंचाण्णवच्याच आसपास अडकत असेल, तर कंपनीशीं भांडण्यापूर्वीं ती तार बदलून पाहावी. काचतंतूची लाइन मात्र वांकवून कपाटामागें कोंबूं नये. फार वांकली कीं प्रकाश बाहेर निसटतो. पेटीवरील 'लॉस' अशा खुणेचा दिवा लाल झाला तर प्रकाश आंत पोंचतच नाहीं असें समजावें. तेथें राउटर बंद-चालू करून कांहीं होत नाहीं.

या बंद-चालू करण्याची पुष्कळ थट्टा होते, पण तें अगदींच खुळें नव्हे. राउटरची स्मरणशक्ति मोकळी होते, आणि पुष्कळ राउटर त्या निमित्तानें कमी गर्दीची वाट नव्यानें निवडतात. मात्र रोज तेंच करावें लागत असेल तर दुखणें आंत तसेंच आहे.

आतां आजीबाईंच्या घराकडे. तेथें तारेवरही रात्रीं नऊ वाजतां शब्द तुटत होते आणि दुपारीं तुटत नव्हते. हा रांगेचा रोग होय, आणि त्याचा इतिहास इंटरनेटच्या बाल्यापर्यंत जातो. ऑक्टोबर १९८६ मध्यें कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांमधील अवघ्या ४०० यार्डांच्या वाटेवर वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून एकाएकीं ४० बिटांवर आला, म्हणजे सेकंदास जेमतेम पांच अक्षरें! तार तुटलेली नव्हती. गर्दीमुळें पोंच मिळण्यास उशीर होई, धाडणाऱ्याला पाकीट हरवलेंसें वाटे, तो तेंच पुन्हां धाडी, आणि त्यानें गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरल्स यांनीं १९८८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यावरचा उतारा सांगितला: आरंभ हळू करावा, वाट आहे असें दिसेल तसतसा वेग वाढवावा, आणि पाकीट हरवलें कीं तें गर्दीचें चिन्ह मानून हात आंखडता घ्यावा. पुढील इंटरनेट या शिस्तीवर उभें राहिलें.

परंतु या शिस्तीस एक अट आहे. दवाखान्याच्या दारावर 'जागा नाहीं' अशी पाटी दिसली तर माणसें परत फिरतात. आंत हजार खुर्च्या मांडल्या तर सारीं आंत शिरून बसतात, आणि तांतडीच्या रोग्यालाही हजारांच्या मागें बसावें लागतें. पुढें स्मृति-यंत्रें स्वस्त झालीं, तेव्हां राउटर बनविणाऱ्यांनीं एकही पाकीट हरवूं नये अशा सदिच्छेनें असेच प्रचंड दिवाणखाने बांधले. पाकिटें हरवत नाहींशीं झालीं, त्यामुळें धाडणाऱ्यांस गर्दीची सूचनाही मिळेनाशी झाली. जिम गेटिस या अनुभवी अभियंत्यास २०१० मध्यें आपल्या घरींच हा प्रकार आढळला. मोठी फाइल धाडतांना पिंगचें उत्तर सेकंदाहूनही अधिक उशिरां येई. त्यानें या फुगलेल्या रांगेस 'बफरब्लोट' असें नांव दिलें. कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनीं २०१२ मध्यें रांग वेळीच आंखूड ठेवणारी एक युक्ति प्रसिद्ध केली, आणि आज कांहीं राउटरांत ती किंवा तिच्यासारखी दुसरी असते.

पुण्याच्या घरांत नऊ वाजतां घडत होतें तें असें. मुलगा कामावरून परत येई, मोबाइल चार्जिंगला लावी, आणि तो मोबाइल दिवसभराचीं छायाचित्रें व चलच्चित्रें दूरच्या साठवणींत आपण होऊन धाडूं लागे. वर जाणारी वाट रांगेनें भरे. आजीबाईंच्या शब्दांचीं चिमुकलीं पाकिटें त्या रांगेच्या शेपटाशीं उभीं राहत. योजना मोठी करून उपयोग झाला नाहीं, कारण धाडणारा कार्यक्रम वाट मिळेल तेवढी भरून काढतो. याची परीक्षा कोणासही करतां येईल. घर शांत असतां बाहेर पिंग करावें. मग एक मोठी फाइल वर धाडीत असतांना तेंच करावें. वीस हजारांशांचे चारशें झाले तर रोग हाच. छायाचित्रें मध्यरात्रीनंतर धाडण्याचें ठरविलें कीं बहुतेक काम भागतें. राउटरमध्यें रांग आवरण्याची सोय असेल तर ती चालू करून त्याची मर्यादा लाइनच्या वेगाच्या नऊदशांशाजवळ ठेवावी, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रांत न लागतां आपल्या ताब्यांतील यंत्रांत लागते.

घराबाहेरचे दोष ओळखावयाचे, पण दुरुस्त दुसऱ्यानें करावयाचे. पान उघडण्यापूर्वीं दोनचार सेकंद शांतता आणि मग सारें पान एकदम, असें होत असेल तर नांवावरून पत्ता सांगणारी सेवा सुस्त आहे. ती मात्र राउटरमध्यें दुसरी नेमून बदलतां येते. काचतंतूच्या एकाच धाग्याला फांटे पाडून ३२ किंवा ६४ घरांस प्रकाश पुरविला जातो; संध्याकाळीं सारीं घरें चित्रपट लावूं लागलीं तर तेथें दाटी होणें संभवतें. आणि समुद्रतळाचा दोष तर क्वचितच, पण जबर असतो. ३० जानेवारी २००८ रोजीं इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रांतील दोन तारा तुटल्या, तेव्हां भारतांतील इंटरनेट कित्येक दिवस रडतखडत चाललें. कांहीं विलंब तर कोणाचाच दोष नव्हे. काचेंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबईपासून अमेरिकेचा पश्चिम किनारा सरळ रेषेंतही तेरा हजार किलोमीटरांहून दूर आहे. जाऊन येण्यास सेकंदाचे किमान १३० हजारांश लागणारच, आणि प्रत्यक्ष तारा वळणावळणानें जातात. नातीचें उत्तर किंचित् उशिरां येतें, त्यांतला एवढा भाग पृथ्वीच्या आकाराचा आहे.

कंपनीकडे तक्रार करावयाची झाल्यास "नेट चालत नाहीं" या शब्दांचें उत्तर "बंद करून चालू करा" एवढेंच मिळतें. त्याऐवजीं तीनचार दिवस एका वहींत टिपण ठेवावें: तारीख, वेळ, तारेवर कीं वाय-फायवर, राउटरपर्यंत पिंग किती, बाहेर किती, शंभरांतून पाकिटें किती हरवलीं. "तारेनें जोडून, घरांतील इतर सर्व यंत्रें बंद ठेवून, रोज रात्रीं नऊ ते अकरा राउटरपर्यंत एक आणि बाहेर तीनशें, शंभरांत सात हरवतात, दुपारीं बाहेर वीस, हरवत एकही नाहीं." एवढें वाचून दाखविलें कीं पलीकडचा माणूस बहुधा फोन आपल्या वरिष्ठाकडे देतो.