गाडी टेकते कुठं?

सोयाबीनची मळणी सुरू झाली की हिवरा आश्रम ते मेहकर रस्त्यावर पिकअपची रांग लागते. इथल्या विवेकानंद जन्मोत्सवात पुरी-भाजीचा महाप्रसाद पंगतीत फिरवायचा मान ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा. बाकी वर्षभर ओझं वाहायचं ते पिकअपनंच. शेतातून पोती, परतीला खताच्या गोण्या, उन्हाळ्यात मंडपाचं सामान, पहाटे भाजीपाला. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, मेहकरला त्यावर चढता-उतरता येतं, पण माल काही महामार्गावर पिकत नाही. तो पिकतो काळ्या रानात, आणि तिथवर जाते पांदण. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी या पांदणीत दोन खोल चाकोऱ्या पडतात, मध्ये वरंबा उरतो आणि दिवाळीपर्यंत तो वाळून दगडासारखा होतो. पिकअपची खालची बाजू त्याच्यावर घासली की मालक मिस्त्रीकडे येतो आणि म्हणतो, गाडी उचलून द्या.

या भागातल्या एका पाटे-मिस्त्रीच्या, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगचे पोलादी पाटे दुरुस्त करणाऱ्याच्या, शेडमध्ये बसून मी हे काम पाहिलं. ‘लिफ्ट किट’ हा शब्द आता इथंही पोचला आहे, मोबाईलवरच्या व्हिडिओंतून. त्या दिवशी आलेला पिकअपवाला तरुण होता. गाडी हप्त्याची, आठवड्यातून चार-पाच दिवस भाड्यानं चालणारी.

“मिस्त्री, मागून तीन इंच उचलून द्या बरं. कमी पैशात बसलं पाह्यजे.”

“उचलून देतो ना भाऊ. पण आधी सांग, टेकते कुठं?”

स्वस्तात गाडी उचलायची असेल तर सगळी निवड या प्रश्नापासून सुरू होते. तरुणाला लगेच सांगता येईना. मिस्त्रीनं गाडीखाली टॉर्च मारला आणि त्याला वाकून पाहायला लावलं. मागच्या एक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा असतो, डिफरन्शियलचा, त्याच्या बुडाला ताजे ओरखडे होते. वरंब्यावर घासत होता तो हाच गोळा. खोकं उचललं की गाडी उंच दिसते, पण हा गोळा आणि एक्सल जिथल्या तिथं राहतात, कारण ते चाकांना जोडलेले असतात आणि पाटे त्यांच्या वर असतात. पाटे कितीही उचला, गोळ्याची जमिनीपासूनची उंची एका सुतानंही वाढत नाही. ती वाढते फक्त मोठ्या टायरनं, तीही टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्मी. दोन इंच मोठा टायर घातला तर गोळा एक इंच वर जातो. भारी किटवर पैसे घालून नंतर हे कळलेली माणसं या धंद्यात कमी नाहीत.

बंपर नाल्याच्या चढाला टेकत असेल, माल भरल्यावर टायर मडगार्डला घासत असेल किंवा एक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळत असेल, तर मात्र उंची वाढवण्यात अर्थ आहे. या गाडीत तेही होतं. ठोकळ्याचं रबर चेपून फाटलं होतं.

मग मापं. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी केली, चारही चाकांत ठरलेली हवा भरली. मिस्त्री टेप जमिनीवर टेकवत नाही. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत मोजतो. जमिनीपासून मोजलं तर टायर किती झिजला, हवा किती आहे, हे सगळं त्या मापात मिसळतं. चाकाच्या मध्यापासून मोजलं तर फक्त पाट्याचा हिशेब कळतो. उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच खाली निघाली. “गाडी उचलायची नाई, बसलेली उठवायची हाय,” मिस्त्री म्हणाला. जुन्या पिकअपच्या बाबतीत बहुतेक वेळा निकाल हाच असतो. कंपनीनं दिलेली उंची गाडीनं गमावलेली असते, आणि मालक त्याच्यावर आणखी तीन इंच मागत असतो.

मागचा भाग घोडीवर घेतला, चाकं काढली, पाटे एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या नटांना डिझेल पाजलं. नट सुटले तसा पाट्यांचा गठ्ठा खाली आला. मधला सेंटर बोल्ट काढताना मिस्त्रीनं गठ्ठा आधी शिकंजात आवळला. पाटे दाबात असतात. बोल्ट मोकळा होताच ते उसळतात आणि बोटं फोडतात. एकेक पाटा सुटा झाल्यावर आजार उघडा पडला. वरच्या पाट्याच्या पोटात खालच्या पाट्याच्या टोकानं खड्डा पाडला होता. दोन पाट्यांत माती आणि गंज यांचा थर होता. शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक धरणाऱ्या झुलत्या कडीचा, पिन एका बाजूनं इतका झिजलेला की बोट फिरवलं तरी पायरी लागत होती. बुशचं रबर लोंबत होतं.

चिरा शोधायची पद्धत जुनी आणि जवळजवळ फुकट आहे. पाटा घासून साफ करायचा, त्याला रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड फिरवायची. चीर असेल तर आत मुरलेलं तेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळी रेघ उमटते. एका पाट्यावर, सेंटर बोल्टच्या भोकाशी, ती उमटली. तो पाटा बाजूला गेला. त्या भोकापाशी पाट्याचं पोलाद मुळातच कमी असतं आणि ताण सगळ्यात जास्त, म्हणून पाटे बहुतेक तिथंच तुटतात.

उरलेल्या पाट्यांना वाक द्यायचं काम थंड हातोड्याचं. ऐरणीवर दोन आधार, त्यांच्यावर पाटा, खोलगट बाजू वर, आणि दोन आधारांच्या मधोमध घणाचा मोजका घाव. मग दोन बोटं पुढं सरकवायचं, पुन्हा घाव. एकाच ठिकाणी जोर केला तर पाट्याला कोन पडतो आणि तिथूनच तो पुढं तुटतो. दर थोड्या वेळानं मिस्त्री तो पाटा वरच्या पाट्यावर ठेवून दोन्हींमधून उजेड किती दिसतो ते पाहत होता. आखूड पाट्याचा वाक वरच्या पाट्यापेक्षा थोडा जास्त हवा, म्हणजे आवळल्यावर सगळे एकमेकांना धरून बसतात.

काही ठिकाणी हेच काम भट्टीत पाटा लाल करून पटकन उरकतात. ते स्वस्त दिसतं, पण टिकत नाही. पाट्याचं पोलाद साधं लोखंड नाही. कारखान्यात ते तापवतात, तेलात बुडवून कडक करतात आणि मग पुन्हा ठरावीक तापमानाला नेऊन त्यातला ठिसूळपणा काढतात. हवेत थंड झालेला लाल पाटा मऊ पडतो. महिनाभर गाडी छान उंच दिसते आणि चार फेऱ्या भरून मारल्या की पुन्हा बसते. म्हणून मिस्त्रीला पहिला प्रश्न विचारायचा तो पैशांचा नको, वाक थंड देणार की तापवून, हा विचारावा.

जुन्या पाट्यांना वाक देऊन मूळ उंची मिळवणं ही खर्चाची सगळ्यात खालची पायरी. त्याच्या वर एक जादा पाटा टाकणं. त्यानं इंच-दीड इंच उंची मिळते, भारही पेलतो, पण रिकाम्या गाडीत मागची चाकं दगडी होतात. खड्ड्यावर उसळतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर चाक पकड सोडतं. जी गाडी रोज भरून जाते तिला हे चालेल; जी अर्धा दिवस रिकामी फिरते तिनं टाळावं. नवा जादा पाटा टाकावा. भंगारातून आणलेल्या पाट्यानं आधी किती ओझं सोसलंय ते कोणी सांगू शकत नाही. पाटे बनवणारे मोठे कारखाने आपल्याकडेच आहेत, यमुनानगरची जमना ऑटो त्यांतली सगळ्यात मोठी. तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तयार पाटा मिळतो.

लांब शॅकल हा तिसरा मार्ग. इथं हिशेब लक्षात ठेवायचा: शॅकल दोन इंच लांबवला तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवर असतं. शिवाय एक्सल थोडा फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचा कोन बिघडतो. एका वेगाला गाडी थरथरायला लागली तर दोष बहुधा तिथं असतो.

चौथा मार्ग पाटा आणि एक्सल यांच्यात लोखंडी ठोकळा घालायचा. लांब यू-बोल्ट घातले की काम झालं, म्हणून हा मार्ग सगळ्यात लवकरचा. पण ठोकळा जितका उंच तितका एक्सल जोरात पिळला जातो, गाडी ओढताना एकीकडे, ब्रेक मारताना दुसरीकडे. मागच्या चाकांना एक बुटका, ओतीव किंवा घडीव ठोकळा चालून जातो. एकावर एक दोन ठोकळे, लाकडाचा ठोकळा किंवा पुढच्या एक्सलला ठोकळा, हे तिन्ही जिवावरचे खेळ आहेत. आणि कुठलंही काम केलं तरी जुने यू-बोल्ट परत वापरू नयेत. ते एकदा आवळले की ताणले जातात.

पाचवी पायरी पूर्ण किटची: नवे पाटे, लांब शॉकअप, पुढं नव्या स्प्रिंगा. इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स बाळगणाऱ्या हौशी लोकांसाठी बाहेरच्या कंपन्यांची किटं येतात, बहुतेक ४० ते ५० मिलिमीटर उंची देणारी, आणि खर्च लाखाच्या घरात जातो. या किटवाल्यांकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. चांगला किटवाला आधी विचारतो, गाडीवर कायमचं वजन किती? त्याच गाडीला रिकामी वापरणाऱ्यासाठी वेगळे पाटे आणि सतत तीनशे-पाचशे किलो वाहणाऱ्यासाठी वेगळे. न विचारता सगळ्यांना एकच डबा देणारा विक्रेता सोडून द्यावा. पुढं कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत नुसता वरून स्पेसर घालून उंची दिली तर चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही. खड्ड्यात चाक जातं तेव्हा शॉकअप आतून ठोका खातो.

उंचीबरोबर येणारा खर्च कोणी सांगत नाही. गाडी उचलली की मागच्या ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो, शॉकअप पुरत नाही, हँडब्रेकची केबल आवळते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, अलाइनमेंट नव्यानं करावं लागतं. सगळ्यात लपलेली गोष्ट मागच्या एक्सलजवळची. बऱ्याच पिकअपमध्ये तिथं एक व्हॉल्व्ह आणि त्याला जोडलेली दांडी असते. माल भरून गाडी बसली की दांडी वर ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो. गाडी उचलली आणि दांडी तशीच ठेवली, तर भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक अर्धाच लागतो. मिस्त्रीनं पाटे बसवल्यावर ती दांडी नव्यानं जुळवली. विचारलं तर म्हणाला, “हे न करता गाडी दिली तर उंची माह्या नावावर अन् अपघात त्याच्या नावावर.”

कायद्याची बाजूही सरळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकानं करू नये. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ उंची परत मिळवणं ही दुरुस्ती, उंची वाढवणं हा बदल. भाड्याच्या गाडीला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसला जावं लागतं, तेव्हा इथल्या पिकअपवाल्यानं हा फरक डोक्यात ठेवलेला बरा. आणि जादा पाटा टाकला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार.

त्या तरुणाचं काम शेवटी असं झालं: दोन्ही बाजूंचे चिरलेले-झिजलेले पाटे नवे, बाकीच्यांना थंड वाक, सगळे बुश, शॅकल पिन आणि यू-बोल्ट नवे, शॉकअपची जोडी नवी, रबरी ठोकळे नवे. शॅकलचे नट मिस्त्रीनं गाडी चाकांवर उभी करून मगच आवळले, नाही तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. पुन्हा माप घेतलं तेव्हा डावी-उजवी बाजू सारखी आली आणि मागचा भाग दीड इंच वर. तीन इंच मागितले होते, मिळाले निम्मे. पण माल भरल्यावर एक्सल आदळायचा थांबला, आणि पोती उंच रचलेली गाडी वळणावर जेवढी झुकायची तेवढीच झुकते. तीन इंच उचलली असती तर ती अजून झुकली असती.

वरंब्याला घासणाऱ्या गोळ्यासाठी मिस्त्रीनं सुचवलं ते दोनच: टायर बदलायची वेळ येईल तेव्हा कंपनीनं त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांतलं मोठं माप घे, आणि तोवर एक चाक वरंब्यावर चढवून गाडी काढ.

पिकअप उचलायला निघालेल्यानं पैसे या क्रमानं खर्च करावेत: आधी बुश आणि पिन, मग पाटे, मग शॉकअप, मग टायर. एवढं झाल्यावर पुन्हा मोजावं. तरीही गाडी टेकत असेल तरच किटाकडे वळावं, आणि तेव्हाही कायम भार विचारणाऱ्या माणसाकडूनच घ्यावं. नवे यू-बोल्ट पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यायला विसरू नका.