अर्धवट उघडलेली मोटार विकताना

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा शहरांतील जुन्या मराठी घरांच्या परसात किंवा पत्र्याच्या पडवीत एखादी फियाट अथवा अँबॅसडर ताडपत्रीखाली झाकलेली आढळते. इंजिन खाली उतरवलेले, दारे भिंतीला टेकवलेली, पुढचे दिवे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलेले आणि स्क्रू लोणच्याच्या बरणीत. घरातील कोणा हौशी माणसाने निवृत्तीनंतर गाडी पूर्ववत करण्याचा संकल्प सोडलेला असतो. पुढे गुडघे दुखू लागतात, भरवशाचा मिस्त्री गाव सोडतो, फंडाचे पैसे मुलीच्या लग्नाकडे वळतात. मग ज्याची हौस, तोच एक दिवस राहत नाही. भंगारवाला तर दर आठवड्याला दारावरून जातच असतो.

त्याला हाक मारण्याआधी पडवीत नेमके काय पडले आहे, ते पाहावे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या घरोघर गेल्या. पन्नाशीच्या दशकातील गोल नाकाच्या गाडीला आपल्याकडे लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिची पुढची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे हल्लीच्या उलट उघडणारी. नंतर ‘डिलाइट’ आली, मग ‘पद्मिनी’. सुकाणूच्या दांड्यावरचा गिअर आणि 1089 घनसेंटिमीटरचे साधेसुधे इंजिन यांमुळे ती गावोगावच्या मिस्त्र्यांना पाठ झाली. अशी गाडी अर्धवट अवस्थेतही घेणारे हौशी लोक आजही आहेत.

खरी अडचण किमतीपाशी येते. “आम्ही यात चार लाख घातले” असे घरचे सांगतात आणि त्यात खोटे काही नसते. पण गिऱ्हाईक दुसऱ्या टोकाकडून मोजत येते. पूर्ण झालेली गाडी किती मोलाची, उरलेल्या कामाला किती लागतील, आणि झाकलेल्या पत्र्याखाली काय निघेल याची धास्ती किती, ही वजाबाकी करून ते आकडा बोलते. झालेल्या खर्चापैकी त्याला दिसते तेवढेच त्याच्या हिशेबात येते. म्हणून इंजिनाचे काम झाले असेल तर त्याची बिले, कोणते भाग बदलले त्याची टिपणे, उघडताना काढलेली छायाचित्रे हाताशी ठेवावीत. ती नसतील तर ते काम झालेच नाही असे धरले जाते, आणि गिऱ्हाइकाला त्याबद्दल दोष देता येत नाही.

सुट्या वस्तूंची जमवाजमव हे सर्वांत किफायतशीर काम, आणि त्याला मिस्त्री लागत नाही. इंजिनाचे भाग एकवेळ जुन्या बाजारात मिळतात. पण त्या सालची मूळ जाळी, दारावरची चकचकीत पट्टी, काच वरखाली करण्याची मूठ, घड्याळासारखी दिसणारी ती वेगाची तबकडी, यांपैकी एक हरवली तरी माणूस महिनोन्‌महिने फिरतो. प्रत्येक वस्तू पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी. एखादा ओळखीचा गॅरेजवाला “नुसता कार्बोरेटर आणि जाळी द्या” म्हणून गळ घालील. देऊ नये. चांगले तेवढे उचलले गेले की उरलेला सांगाडा शेवटी भंगारातच जातो.

विकण्यापूर्वी रंग मारून घ्यावा, हा सल्ला हटकून मिळतो. माझ्या मते तो नवऱ्या मुलीला सजवण्याच्या सवयीतून येतो. या फियाटला वेगळी चौकट नाही. पत्र्याची बांधणी हाच तिचा कणा. तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या गंजल्या असतील तर लांबी भरून वर चढवलेला ताजा रंग जाणत्या गिऱ्हाइकाला पळवूनच लावतो. गंज आहे तसा दाखवावा. मधल्या काळात डिझेल इंजिन बसवले असेल तर तेही सांगावे.

आपल्यासारख्यांची पंचाईत कागदांत अधिक. गाडी काकांनी मुंबईत घेतलेली, उभी बडोद्यात. त्यातून 1960 पूर्वीची असेल तर गुजरात आणि महाराष्ट्र एकाच मुंबई राज्यात होते. तेव्हा नोंद कोणत्या दप्तरात आहे ते आधी शोधावे. मालक वारले असतील तर तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांच्या आत 31 क्रमांकाच्या नमुन्यात वारसाच्या नावे अर्ज करायचा असतो. बहुतेक घरांत ही मुदत केव्हाच उलटलेली असते. तरी ते काम उरकल्याखेरीज सौदा करू नये. विक्रीला 29 व 30 क्रमांकाचे नमुने लागतात, आणि गाडी परराज्यात जायची असेल तर 28 क्रमांकाचे ना-हरकत पत्र. इंजिन आणि सांगाड्यावरचे क्रमांक पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत.

केंद्र सरकारने 2021 साली पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी वेगळे नियम केले. सांगाडा, पत्रा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट; डिझेल इंजिनाची गोष्ट लपवू नये ती यासाठीही. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, ती दहा वर्षे चालते, आणि अशी गाडी रोजच्या वा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. समिती गाडीची तपासणी करते, म्हणून ही नोंद बहुधा काम पुरे झाल्यावर नवा मालकच करील. अशी नोंद झालेली गाडी पुढे विकली गेली तर दोघांनीही नव्वद दिवसांत आपापल्या राज्याच्या परिवहन खात्याला कळवायचे असते. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका मिळते. आधीच नोंदलेल्या गाडीला मात्र तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. तेव्हा कागद नीट असले, तर घरातल्या मुलांनी पाठ केलेला तो नंबर गाडीबरोबर नव्या घरीही जाऊ शकतो.