फोल्डरची मांडणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विंडोजमध्ये फोल्डर उघडल्यावर फाइली मोठ्या चित्रांच्या रूपात दिसाव्यात की रकान्यांच्या यादीत, त्यांचा क्रम कशावरून लागावा आणि त्यांचे गट पाडावेत की नाही, या निवडी मिळून त्या फोल्डरची दृश्यमांडणी ठरते. ही मांडणी फोल्डरमध्येच साठवलेली असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि बाकीचे बरेचसे गैरसमज तिच्यातूनच निघतात. वस्तुतः विंडोज तिची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे यंत्रणेच्या सेटिंगांच्या कोठारात, वापरकर्त्याच्या खात्याखाली ‘बॅग्ज’ आणि ‘बॅगएमआरयू’ या कप्प्यांत ठेवते. त्यामुळे फोल्डर पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेला, तर फाइली जातात, मांडणी मागेच राहते. मॅकवर मात्र फाइंडर ही माहिती बहुतांशी प्रत्येक फोल्डरमधील ‘डॉट डीएस स्टोअर’ या लपलेल्या फाइलीत लिहितो, आणि मॅकवर वापरलेला पेनड्राइव्ह विंडोजला लावल्यावर ज्या अनोळखी फाइलींमुळे अनेकांना व्हायरसची शंका येते, त्यांपैकी ही एक असते.

दुसरा गैरसमज ‘फोल्डर ऑप्शन्स’मधील ‘अप्लाय टू फोल्डर्स’ या बटणाविषयी आहे. ते एकदा दाबले की सगळे फोल्डर एकसारखे होतील, असे मानले जाते. परंतु विंडोज प्रत्येक फोल्डरला सर्वसाधारण, दस्तऐवज, चित्रे, संगीत आणि व्हिडिओ या पाच प्रकारांपैकी एकात बसवते आणि हे बटण फक्त उघड्या फोल्डरच्या प्रकारापुरतेच लागू होते. शिवाय ज्या फोल्डरचा प्रकार कोणी ठरवून दिलेला नाही, त्याचा प्रकार विंडोज आतल्या फाइली पाहून स्वतःच ठरवते. हिशेबाच्या पीडीएफ ठेवण्यासाठी केलेल्या फोल्डरमध्ये पावत्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो भरपूर साठले, की तो ‘चित्रे’ या प्रकारात जाऊ शकतो आणि तारखेवार यादीच्या जागी मोठी चित्रे दिसू लागतात. वापरकर्ता याला बिघाड समजतो, पण तो विंडोजचा अंदाज असतो, आणि कार्यालयीन कामात हा अंदाज मदतीपेक्षा अडचणच अधिक करतो. त्यावर उपाय म्हणजे वरच्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कस्टमाइझ’ या भागात ‘सर्वसाधारण’ हा प्रकार निवडून तो उपफोल्डरांनाही लागू करण्याच्या चौकटीत खूण करणे, आणि त्यानंतरच ‘अप्लाय टू फोल्डर्स’ वापरणे.

‘डाउनलोड्स’मधील फाइली ‘आज’, ‘काल’ अशा गटांत दिसू लागल्या, तेव्हाही अनेकांना सेटिंग बिघडल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात विंडोज 10 च्या 2019 मधील 1903 या आवृत्तीपासून ती त्या फोल्डरची मूळ मांडणीच आहे आणि ‘ग्रुप बाय’मध्ये ‘नन’ निवडल्यास गट जातात. फाइल उघडण्याच्या वा जतन करण्याच्या छोट्या खिडकीची मांडणी वेगळी नोंदवली जात असल्याने तिथला बदल मुख्य खिडकीत उतरत नाही. फाइलनावाचे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, दाखवण्याची निवड मात्र खात्यातील सर्व फोल्डरांना एकदमच लागू होते.

मांडणी वारंवार हरवत असल्यास ‘बॅग्ज’ आणि ‘बॅगएमआरयू’ हे कप्पे पुसून टाकण्याचा सल्ला दिला जातो. तो निराधार नाही, पण त्यामुळे त्या खात्यातील सर्व फोल्डरांच्या नोंदी एकाच वेळी जातात, म्हणून त्याआधी ‘एक्स्पोर्ट’ करून त्या कप्प्यांची प्रत काढून ठेवावी.