पोत्याचे वजन होते, पाठीचे काय?



आपला माल घेऊन आपण पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात कधी ना कधी गेला असाल. पहाटेच्या अंधारात टेम्पो लागतो, हमाल येतात, गोण्या उतरतात, वजन होते आणि मग हातात पट्टी पडते. आपली नजर आधी भावावर जाते, मग कपातीवर. "हमालीच लई कापली" म्हणत आपण पट्टी खिशात घालतो. पण त्या हमालीच्या आकड्यामागे बऱ्याच वर्षांची खटपट आहे. ती आज समजून घेऊ, कारण तिचा धडा आपल्या शेतातल्या मजुराला लागू पडतो आणि खुद्द आपल्यालाही.

गुलटेकडीचा धडा

एके काळी भुसार बाजारात पोते म्हणजे क्विंटलभराचे. ते पाठीवर घ्यायचे, फळीवरून चढायचे, थप्पी लावायची. मजुरी मिळेल ती. कंबर धरली की कामही गेले आणि मजुरीही गेली. हे हमाल कोण होते? आपल्यासारख्याच कोरडवाहू आणि डोंगरी गावांतून पोटासाठी आलेली माणसे. नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. बाबा आढावांनी 1950 च्या दशकात त्यांना एकत्र करून हमाल पंचायत उभी केली. हमालीचे दर समोरासमोर बसून ठरू लागले.

पुढे मुंबईच्या माथाडींचा लढा अण्णासाहेब पाटील यांनी लावून धरला आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची रीत साधी आहे. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची. मजुरी हमालाला मिळते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस, दवाखाना यांची सोय होते. मालक रोज बदलला तरी हमालाची नोंद बदलत नाही. कायम नोकरी नसलेल्या माणसालाही म्हातारपणाची पुंजी देता येते, हे या कायद्याने दाखवून दिले.

ओझ्याचेही तसेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 सालीच शिफारस केली होती, की प्रौढ पुरुषाने एका वेळी 55 किलोपेक्षा जास्त ओझे उचलू नये. पुण्याच्या हमालांनीही पोते 50 किलोचेच हवे, असा आग्रह वर्षानुवर्षे धरला. गंमत बघा, आपली युरियाची गोणी 2018 पासून 50 ऐवजी 45 किलोची झाली, पण ती खताचा वापर कमी व्हावा म्हणून. गोणी वाहणाऱ्या पाठीचा विचार त्यात नव्हता.

काम किती आणि काम कसे

"काम मिळतंय ना, मग झालं" असे आपण सहज म्हणतो. सरकारी मोजणीचाही एक भाग असाच आहे. श्रमबल सर्वेक्षणात चालू आठवड्याच्या हिशेबात एखाद्याने सात दिवसांत एक तास जरी काम केले, तरी तो कामावर आहे असे धरतात. मोजणीसाठी कुठेतरी रेघ ओढावी लागते हे खरे. पण एका तासाच्या कामावर चूल पेटत नाही, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

म्हणूनच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1999 साली 'सन्मानाचे काम' ही कल्पना मांडली आणि 2008 साली जिनिव्हात तज्ज्ञ बसवून ते मोजायचे कसे याची चर्चा केली. सार असे, की काम आहे का एवढेच विचारू नका. मजुरी पुरेशी आहे का, तास किती, जिवाला धोका किती, बाई आणि गडी यांना एकच दाम आहे का, आजारपणाची व म्हातारपणाची सोय आहे का आणि मजुराला तोंड उघडून बोलता येते का, हेही विचारा.

मोजल्याने काय होते, याचा दाखलाही पुण्यातच आहे. रस्त्यावर कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांना पूर्वी कोणी कामकरी म्हणायला तयार नव्हते. 1993 साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. दुष्काळाने गाव सोडून आलेल्या घरांतल्या बाया त्यांत पुष्कळ. 2001 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी त्यांच्या कामाचा अभ्यास झाला. या बाया किती माल वेचतात आणि तेवढा कचरा उचलण्याचा पालिकेचा किती खर्च वाचवतात, हे रुपयांत मांडले गेले. पालिकेची ओळखपत्रे आधीच मिळाली होती, पुढे वैद्यकीय विमा आला आणि 2008 साली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. संघटना होतीच, पण हातात आकडा आल्यावर बोलण्याला वजन आले.

आता आपल्या बांधावर या

आपला मुलगा चाकणला किंवा रांजणगावला ठेकेदाराकडे कामाला लागला, की आपण काय विचारतो? "पगार वेळेवर होतो का? फंड कापतात का? कागद काही दिलाय का?" विचारायलाच हवे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे. मुलाला ते मागायला सांगा.

पण हेच प्रश्न आपल्या वावरात खुरपणीला येणारी बाई आपल्याला विचारू लागली तर? आम्ही विस्तार अधिकारी गावच्या सभेत एकरी खर्चाचा तक्ता मांडतो. बियाण्याचा रकाना वेगळा, खताचा वेगळा, औषधाचा वेगळा. मजुरीला मात्र एकच आकडा. कोणाला किती दिले, किती तास घेतले, फवारणी करताना कोणाला मळमळले, याला तक्त्यात जागाच नाही. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधाच्या बाटलीचा खर्च प्रत्येकाच्या वहीत असतो. हातमोजे आणि तोंडाला बांधायच्या मास्कचा किती जणांच्या वहीत असतो?

आणखी एक माणूस आपल्या वहीत नसतो. तो म्हणजे आपण स्वतः आणि आपली घरची माणसे. पहाटेची धार, रात्रीचे पाणी, कारभारणीची काढणी यांची हजेरी कोणी लावतो का? हमीभावाच्या हिशेबात घरच्या माणसांची मजुरी धरतात, पण घरी वहीत ती नसली तर शेत फायद्यात आहे की तोट्यात, हे आपल्यालाच कळत नाही. उगाच वाटते, की चार पैसे राहिले. राहिलेली असते ती आपलीच न घेतलेली मजुरी.

एवढे करून बघा

एक वही घाला. रोज संध्याकाळी पाच गोष्टी लिहा: कोण आले, किती तास केले, किती दिले, घरच्यांनी किती केले आणि कोणाला काही इजा झाली का. वर्षअखेर बेरीज करा. बाई-गड्याच्या दामातला फरक तुम्हालाच टोचेल.

फवारणीच्या मजुराला हातमोजे, मास्क आणि पूर्ण अंगभर कपडे आपण द्या. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका.

गावातल्या मजुरांची ई-श्रम नोंदणी आणि पंतप्रधान सुरक्षा विमा झाला आहे का ते विचारा. या विम्याचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे आणि अपघाती मृत्यू झाल्यास 2 लाख मिळतात. अपघातात खातेदाराच्या घराला शासनाची योजना आहे, सातबारा नसलेल्या मजुराला निदान एवढा आधार हवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाही विनंती आहे. गावात किती विहिरी, किती जनावरे हे दप्तरात असते. गावात मजूर किती, त्यांना वर्षात किती दिवस काम मिळते आणि किती घरे हंगाम संपला की पुण्याची वाट धरतात, हेही एकदा ग्रामसभेत मांडा.

पुढच्या खेपेला गुलटेकडीला पट्टी हातात आली, की हमालीचा आकडा नीट बघा. तो लिहिलेला आहे, म्हणून तो हमालाला मिळतो. आपल्या घरच्या आणि शेतातल्या कष्टाचा आकडा अजून कोरा आहे. तो भरायची सुरुवात आपणच करायची आहे.